हारुन झिराडकरांची हिब्रू सेवा

कोणतीही प्रसारणसंस्था श्रोत्यांच्या आकलनावर नव्हे, तर समाधानावर उभी असते. शारजाच्या रोल्ला भागातून मराठी माणसांसाठी चालणाऱ्या 'रेडिओ आपुलकी'ला हे सत्य गवसलं, ते हिब्रू विभागामुळे.

अमिराती आणि इस्राएलचं सख्य झालं, दुबईत इस्राएली पर्यटक दिसू लागले, तेव्हा स्टेशन मॅनेजर धनंजय साळवींनी काळाची पावलं ओळखून हिब्रू बातम्या सुरू केल्या. (श्रोते कुठून आणायचे हा मुद्दा पुढच्या मीटिंगवर ढकलला. ती मीटिंग अजून व्हायची आहे.) माणूस मात्र घरचाच सापडला. अकाउंट्समधला हारुन झिराडकर अलिबागकडचा बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा कोकणातला यहुदी.

"साहेब, मला फक्त प्रार्थना येतात," हारुनने सांगून पाहिलं. "आजोबांनी पाठ करून घेतलेल्या. अर्थ त्यांनाही येत नव्हता."

"अहो, हिब्रूच आहे ना ती? मग यल्ला, चला, सोमवारपासून बसा. नाहीतर अकाउंट्समध्ये तशीही कपात आहे. व्हिसाचं बघावं लागेल."

व्हिसा म्हटलं की आखातातल्या माणसाला पुढचं ऐकू येत नाही. हारुनच्या व्हिसावर बायको रूथ, मुलगा डॅनियल आणि त्याची शाळा, असा अख्खा संसार टांगलेला. अडला हारुन मायक्रोफोनपुढे बसला. वाहतुकीच्या बातम्यांत त्याने प्रवासाला निघतानाची प्रार्थना म्हटली, बाजारभावात भाकरीवरची. हवामानात नवसाच्या गोड पोह्यांच्या, म्हणजे मलिद्याच्या, ताटापुढे म्हणायची म्हटली, आणि घाम पुसला.

सहा महिन्यांनी सर्वेक्षण झालं. हिब्रू बातम्यांवर समाधानी श्रोते ९७ टक्के, अर्थ समजणारे शून्य. (उरलेले तीन टक्के प्रश्न विचारताना झोपलेले होते. तेही हारुनमुळेच.) मराठी बातम्यांवर समाधानी ११ टक्के, कारण त्या समजत होत्या. रोल्लातल्या गिरिजाताई कर्णिकांनी लेखी अभिप्राय दिला, "मराठी लावलं की आमच्या ह्यांच्याशी भांडण होतं. हिब्रू लावलं की डोकं शांत होतं." हारुन वरिष्ठ निवेदक झाला.

पण माणसाला सुख बोचतं. देवाचं नाव घेऊन आपण ट्रॅफिक सांगतो, याची हारुनला मनापासून लाज वाटे. त्याने गुपचूप शिकवणी लावली आणि दोन वर्षं घासून खरी हिब्रू शिकला. मग एका सकाळी त्याने सांगितलं की दुबईत रास अल खोरजवळ टँकर उलटलाय, दुसरा रस्ता घ्या. हिब्रूतलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा समजून बोललं होतं त्याने. त्याचे डोळे भरून आले.

तिकडे फोन खणखणू लागले. हिब्रू कोणालाच येत नव्हती, पण 'रास अल खोर' सगळ्यांना समजलं. गिरिजाताईंचे मिस्टर तिथल्याच गोदामात कामाला. "काय झालंय तिथे? इतकी वर्षं कसं छान चाललं होतं," त्या रडकुंडीला आल्या. आठवडाभरात समाधान १४ टक्क्यांवर आलं. 'आपल्या बातम्यांतून माहिती मिळत असल्याच्या गंभीर तक्रारी आहेत,' असा मेमो निघाला आणि हिब्रू विभाग खलास झाला. रूथने बॅगा खाली काढल्या.

हारुन राजीनामा घेऊन गेला, तर साळवींनी त्याला खुर्ची दिली. "तुमचा आवाज सोडणार नाही, हबीबी. तरुण श्रोत्यांसाठी नवा विभाग काढतोय. अर्थ समजणारे जवळपास शून्य, अगदी आपल्याला हवे तसे."

व्हिसा वाचला. आता हारुन रोज तासभर बातम्या देतो, टँकर, रस्ते, गावांच्या नावांसकट, आणि एकही तक्रार येत नाही. डॅनियल गृहपाठ करताना मुद्दाम लावतो. "पपा, इट्स सो सूदिंग," तो म्हणतो, आणि हारुन मान खाली घालून जेवतो.

हा नवा विभाग मराठीचा आहे. समाधान ९८ टक्के. आकड्यांवर विश्वास नसेल, तर ही गोष्ट आपल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी. त्यांना फार शांत वाटेल.