उलटी कापलेली भिंत

"वर्लिन, शनिवारी आपण तळ्यावर जाणार की नाही, एवढंच सांग," आर्डिसने नवऱ्याला दमल्या आवाजात विचारलं. गेली नऊ वर्षं ती हेच विचारत होती. तिची बहीण फर्न दर उन्हाळ्यात तळ्याकाठी आपला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, लावायची आणि हिच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवायची. जागा रिकामीच राहायची, कारण वर्लिनचा १९५८ सालचा ट्रेलर दरवर्षी नव्या ठिकाणी गळायचा.

"जाणार म्हणजे जाणार! डाव्या भिंतीचं आतलं प्लायवुड तेवढं कुजलंय. एका दुपारचं काम."

वर्लिनची एक दुपार म्हणजे किती दिवस, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. बुधवारी त्याने फुगलेलं जुनं प्लाय सोलून काढलं, नव्यावर ठेवलं, कडेने पेन्सिल फिरवली आणि कापलं. काम इतकं सुबक झालं की त्याने खुशीत शीळ घातली. मग आत नेऊन लावून बघतो तर काय! चकचकीत बाजू आत घेतली की खिडकीचं भोक पलंगाच्या उशाशी येण्याऐवजी पायथ्याशी येई, आणि खिडकी जुळवली की खरखरीत बाजू आत.

"उलटं कापलंस," आर्डिस म्हणाली.

"उलटं कसलं? उजव्या भिंतीला बघ, कसं चपखल बसेल!"

"अरे मेल्या, उजवी भिंत धड आहे!"

"म्हणून एवढं चांगलं लाकूड फुकट घालवू?" असं म्हणत त्याने पहार उचलली.

उजवीकडचं प्लाय निघालं, निघताना मोडलं. मागच्या लाकडी सांगाड्याचा पार भुगा झालेला. निव्वळ वॉर्निशच्या जिवावर ती भिंत उभी होती.

"बघ! उगाच नाही उलटं कापलं मी," वर्लिन बोलतोय तोच अख्खी भिंत बाहेर कलली. त्याने घाईने खिडकीची चौकट दोन्ही हातांनी आत ओढून धरली. "आर्डिस! टेकू! ओरिनला बोलाव!"

आर्डिसने शेजारच्या ओरिनला फोन केला. मग घरात जाऊन ती उशी, पोहायचे कपडे आणि सँडविचचा डबा घेऊन बाहेर आली आणि गाडीत बसली.

"अगं, निघालीस कुठे?"

"फर्नकडे. तिच्या ट्रेलरमध्ये एक पलंग रिकामा असतो. ओरिन येतोय, तोवर सोडू नकोस."

"पण आपला ट्रेलर?"

"मला तळ्यावर जायचं होतं रे," आर्डिस म्हणाली. "ट्रेलर तुला न्यायचा होता."