सबनीसांची स्वायत्तता

सबनीस एकदा आखातातल्या आमच्या करामा वस्तीतल्या हॉटेलात वेटरला हिंदीतून म्हणाले, "हबीबी, चटणी किती, याचा निर्णय टेबलाच्या पातळीवर व्हायला हवा. स्वयंपाकघराने तो लादू नये." बिचाऱ्याने चटणीची बादलीच आणून ठेवली.

माझे हे शेजारी नोकरीभर सोव्हिएत राजवटीतून सुटलेल्या देशांत हिंडले, तिथल्या नगरपालिकांना आपला पैसा आपण उभा करायला शिकवत. तिकडे राजधानीतून हुकूम सुटे, 'शहरातली घरं उबदार ठेवा', आणि कोळशाला पैसे मात्र येत नसत. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "काम दिलं आणि पैसा दिला नाही, तर ती स्वायत्तता नव्हे, हमाली!" निवृत्तीनंतर हे सगळं आमच्या इमारतीने भोगलं.

गणपतीत त्यांनी प्रत्येक समितीला आपापला कर बसवायची मुभा दिली. सजावट समितीने चपला ठेवण्यावर एक दिरहम लावला. "म्हणजे चोवीस रुपये? चपलेचे?" कुलकर्णीबाई किंचाळल्या. दुसऱ्या दिवशी निम्मे भक्त चपला गाडीत ठेवून, तापलेल्या फरशीवरून टुणटुण उड्या मारत आरतीला आले. सबनीस टाळ्या पिटत होते, "करचुकवेगिरी! आता झाली खरी नगरपालिका!"

सबनीसवहिनींना अलीकडे विसरायला होऊ लागलं. दीड तासावरच्या अल ऐन शहरात डॉक्टर असलेल्या मुलाने दोघांना तिकडे न्यायचं ठरवलं. "बाबा, खलास. शनिवारी निघायचं."

"केंद्राने हुकूम काढायचा नाही!" सबनीस अडून बसले.

कॅरमचा अड्डा सुटेल म्हणून म्हातारा बायकोचे हाल करतोय, असं इमारतभर मीच पसरवलं. ते खोटं होतं. म्हणून हे लिहितोय.

शनिवारी मुलगा आला तेव्हा मी तिथेच होतो. सबनीस वहिनींसमोर खाली बसून विचारत होते, "मालती, कुठे राहायचं? इथे, की अल ऐनला?"

"बाबा, आईला काय कळतंय आता?"

"राहायचं तिला आहे ना? मग ठरवेलही तीच."

सबनीसांना करामा सोडवत नव्हता, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. वहिनींनी बराच वेळ विचार केला.

"अल ऐन," त्या म्हणाल्या.

सबनीस गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळू लागले.

थोड्या वेळाने वहिनींनी विचारलं, "अहो, आपण कुठे निघालोय?"

"तू ठरवलंस तिकडे," सबनीस म्हणाले.