माशाच्या तोंडातला साबुदाणा

एकादशीच्या दिवशी मी साबुदाण्याच्या खिचडीचे चार दाणे माशांच्या टाकीत टाकले. एवढंच. (आमच्या घरातली सगळी संकटं 'एवढंच'पासून सुरू होतात.)

टाकी बायकोची, खाऱ्या पाण्याची. सुवर्णा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये तिने समुद्र आणलाय. त्यात दोन कार्डिनल मासे. बोटभर लांबी, रुपेरी अंगावर काळे पट्टे, वर पांढरे ठिपके. ती दोन दिवस पुण्याला गेली आणि त्यातल्या एकाने अन्नच सोडलं.

"त्याला उपास हाय," देवळ्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "फराळाचं द्या जावईबापू."

मी दिलं. दहा मिनिटांनी माशाने आ केला. तोंडात दाणेच दाणे, लाल मिरचीच्या खिचडीसारखे केशरी! (चाराचे चाळीस कसे झाले, हा प्रश्न घाबरलेल्या माणसाला पडत नाही.) मासा गुदमरून मेला, तर सुवर्णा मला घरात घेणार नव्हती.

मी त्याला जाळीत धरलं, तिचा भुवयांचा चिमटा घेतला, तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंनी फोन माझ्याकडे वळवला.

"अहो, हात काढा! अंडी आहेत ती!"

"तोंडात?"

"बाप आहे तो! तीन आठवडे तोंडात अंडी सांभाळतो, मग पिल्लं. महिनाभर काही खात नाही. घाबरला तर सगळी थुंकून टाकेल. सोडा त्याला!"

मी सोडलं. पुढचा महिनाभर रोज ऑफिसआधी टाकीपुढे उभा राहिलो. नाकासमोर जेवण तरंगतंय आणि हा गडी तोंड मिटून! अधूनमधून अंडी तोंडातच घोळवायचा, त्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून. खरं सांगतो, मला भरून यायचं. मग एका सकाळी त्याने तोंड उघडलं. नखाएवढी पिल्लं बाहेर पडली आणि टाकीतल्या अर्चिन नावाच्या समुद्री जिवाच्या लांब काट्यांत लपली. प्रवाळाच्या समुद्रात म्हणे ती अशीच काट्यांत वाढतात.

सासूबाईंनी माशाला हात जोडले आणि पेढे वाटले.

"बाप असावा तर असा!" मी छाती फुगवून म्हणालो. "शेवटी आम्ही पुरुष!"

सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "यांच्याच पोराच्या बारशाला हे पहिल्या पंगतीला बसले व्हते. सुवर्णे, यांना बी चार दिवस त्या टाकीत सोडून बघ. शिकले तर शिकले."

मी सडेतोड उत्तर देणार होतो. पण माझ्या तोंडात दोन पेढे होते आणि तिसरा हातात.