काचवाल्याने काचेला चेंडू लागू दिला नाही

सुज्ञ वाचकहो, पॅडेल नामक क्रीडेच्या हौशी स्पर्धेत एका काचवाल्याने स्वहस्ते बसविलेल्या काचांच्या रक्षणार्थ जो पराक्रम गाजविला, आणि त्यापायी त्याची जी त्रेधातिरपीट उडाली, तिचे साद्यंत निवेदन आता करण्यात येत आहे.

पॅडेल हे टेनिसचे धाकटे भावंड होय. दोघांविरुद्ध दोघे खेळतात. पाठीमागे काचेची भिंत असते आणि जमिनीवर एक टप्पा पडून चेंडू तीवर आपटला, तरी परतताना तो टोलविता येतो. किंबहुना या खेळाची खुमारी तेथेच आहे. नेमकी तीच काचवाल्याच्या जिवावर उठली.

कारण क्लबच्या व्यवस्थापकबाईंनी त्यास बजावले होते, "स्पर्धेत तुमच्या काचा कशा टिकतात ते बघू. मग नव्या कोर्टांचं काम कुणाला द्यायचं ते ठरवू. आणि तुम्हीही खेळायला या!"

तदनुसार काचवाला आपल्या मेहुण्यासह नवशिक्यांच्या गटात दाखल झाला. मेहुणा व्यवसायाने केशकर्तनकार. चषक जिंकून दुकानातील आरशासमोर ठेवावा, म्हणजे एकाचे दोन दिसतील, अशी त्याची मनीषा होती.

सामना सुरू झाला. पहिलाच चेंडू काचेच्या रोखाने निघाला. काचवाल्याने झेप घेऊन तो हवेतच परतविला. प्रतिपक्ष बघतच राहिला.

"दाजी, सोडा की!" मेहुणा ओरडला. "टप्प्याशिवाय काचेवर चाललेला चेंडू! पॉइंट आपलाच होता!"

"खड्ड्यात गेला पॉइंट! काचेला तडा गेला, तर तुझी बहीण खाणार काय?"

"ऐकतेय हं मी," बाहेरून बायको म्हणाली. "आणि तेवढं पोट आत घ्या, चेंडू दिसत नाहीये!"

एकदा तर काचवाल्याने चेंडूपुढे साक्षात कपाळ धरले. तो गुण गेला. काच मात्र वाचली. असे करीत करीत दोघे जिंकले.

पंच तावातावाने आला. "नवशिका असा हवेतल्या हवेत टोलवतो होय? लबाडी करून खालच्या गटात शिरलात! चला, मध्यम गटात!"

मध्यम गटातील खेळाडू चेंडू अधिक जोराने मारीत, त्यामुळे काचवालाही अधिक घाबरे व अधिक चपळाईने खेळे. तेथेही जिंकल्यावर पंचाने त्यांस निष्णातांच्या अंतिम सामन्यात ढकलले. मेहुणा आता ओळखीच्यांनाही ओळखेनासा झाला.

इतक्यात व्यवस्थापकबाई आल्या. "काम दुसऱ्याला द्यावं म्हणतेय मी."

"का हो बाई? एक ओरखडासुद्धा नाही!"

"कसा असेल? सकाळपासून एक चेंडू लागू दिला नाहीत! ज्याचा स्वतःच्या काचेवर भरवसा नाही, त्याच्यावर आम्ही कसा ठेवायचा?"

काचवाल्याचा चेहरा क्षणभर उतरला व लगेच लालबुंद झाला. "भरवसा नाही? माझा? हे बघा!" असे गर्जून तो धावत सुटला आणि सर्वांगानिशी काचेवर आदळला. धाडकन आवाज झाला. काच थरथरली व स्थिर उभी राहिली. काचवाला मात्र तीवरून घसरत खाली बसला.

"अहो, कुठे मोडलं का?" बायको किंचाळली.

"मला काय बघतेस? काच बघ, काच!"

"काम तुमचं," बाई घाईघाईने म्हणाल्या. "पण परत नका आदळू!"

अशा रीतीने भीती समूळ नष्ट झाली आणि अंतिम सामना सुरू झाला. आता काचवाला एकाही चेंडूस अडवीना. काचेवरून परतलेला चेंडू मारावा कसा, हे तो कधी शिकलाच नव्हता. तो नुसता मान डोलवीत राही.

"दाजी, एक तरी मारा हो!"

"अरे, आवाज ऐक! कसा खणखणीत आहे!"

एकही गुण न मिळविता दोघे हरले. पंचाने त्यांस पुनश्च नवशिक्यांत धाडले.

घरी जाताना काचवाला शीळ घालीत होता. बायको पुढे गेल्याचे पाहून मेहुणा हळूच जवळ आला.

"दाजी, एक मागू? नव्या कोर्टात एकच काच जरा कच्ची बसवाल? पुढचा कप आपलाच!"

येणेप्रमाणे हे निवेदन समाप्त झाले. कामधंदा बाजूस सारून आपण ते वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
काचवाल्याच्या शेजारचा शटरवाला