शेषामावशींचं भाषण

शेषामावशींचा फोन आपण 'हॅलो' म्हणायच्या आत संपतो. "बाई, उद्या. चारला. या." की खट्. कुठं यायचं, कशासाठी, हे आपण उलट फोन करून विचारायचं. त्यावर "येसर" एवढंच उत्तर, आणि पुन्हा खट्.

धारूरजवळच्या डोंगरातलं त्यांचं गाव. मी तिथल्या शाळेत शिकवते, म्हणून 'बाई'. गावातल्या दहा जणींचा गट येसर करून विकतो आणि मावशी त्या गटाच्या अध्यक्ष. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून, दळून केलेलं पीठ. फोडणीच्या पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. गटाची बैठक मावशी इतक्या झटपट उरकतात की उशिरा येणारीला चहासुद्धा मिळत नाही.

त्यांच्या लेकीला बघायला पाटोद्याकडचे पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. मुलाचे काका तासभर घराण्याची थोरवी गात होते. ते पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात मावशींनी विचारलं, "पोरगं पितं का?"

काकांना ठसका लागला.

"चहा घ्या. निघा," म्हणत मावशी उठल्या. लेक पुढं नर्स झाली आणि भल्या घरात पडली.

तर अशा मावशींवर बीडला जाऊन भाषण करायची वेळ आली. जिल्ह्यातल्या बायकांच्या उद्योगांची निवड होती. प्रत्येकीनं परीक्षकांपुढं तीन मिनिटांत आपला धंदा मांडायचा. निवड झाली तर गटाला मसाल्याची स्वतःची गिरणी. ती यांना हवीच होती. गावातला गिरणीवाला 'गव्हाला वास लागतो' म्हणून यांचं दळण सगळ्यात शेवटी घ्यायचा. दोन-दोन दिवस डबे तसेच पडून राहत.

तयारीसाठी शहरातून एक प्रशिक्षक आले. "आधी स्मितहास्य करा," ते म्हणाले. "मग तुमचा संघर्ष सांगा. डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल, परीक्षकांना भिडतं."

मावशींनी मला विचारलं, "आमटी इकायची का रडगाणं?"

तरी मी बापडी दीड पान लिहून गटाच्या बैठकीत घेऊन गेले. 'नमस्कार, मी एक सामान्य गृहिणी' इथपर्यंत वाचलं आणि मावशींनी हात वर केला.

"सामान्य कोण?"

"तसं म्हणायची पद्धत असते, मावशी."

"आपली न्हाई." कागद घडी होऊन डब्याखाली गेला. माझ्या दीड पानातलं एक अक्षरही शिल्लक राहिलं नाही.

बीडच्या सभागृहात आधीच्या बायका छान बोलत होत्या, पण सगळ्यांचं बोलणं ऐन मुद्द्यावर आलं की घंटी वाजायची. गेवराईची एक बिचारी तर 'माझ्या व्यवसायाचं नाव आहे' इथंच अडकली. मग मावशींना पुकारलं. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या, समोरचा माइक बाजूला सारला आणि येसरचा पुडा वर धरला.

"पावनं आलं. भाजी न्हाई. येसर हाय."

सभागृहात खसखस पिकली. मावशी हसल्या नाहीत.

"आमी दहा जणी. भाजतो आमच्या चुलीवर, दळतो दुसऱ्याच्या गिरणीत. त्यो आमाला गव्हाच्या मागं बसवतो. गिरणी द्या. मग कुनाच्या मागं बसनार न्हाई."

आणि त्या खाली बसल्या. परीक्षकांनी घड्याळाकडं पाहिलं. "ताई, अजून दोन मिनिटं आहेत तुमच्याकडं."

"तुमी इचारा."

"बाजारात मोठ्या कंपन्यांचे मसाले आहेत. तुमचं का घ्यावं?"

"त्यांचा मसाला भाजीत टाकायचा. आमची भाजीच हाय."

"पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?"

मावशींनी समोर बोट केलं. "तुमच्या खुर्चीत."

टाळ्या थांबेनात. मी तर उभी राहून वाजवत होते, आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होते, "आमच्या गावच्या आहेत!" गिरणी मिळाली, हे वेगळं सांगायला नको.

परतीच्या बसमध्ये मीच बडबडत होते. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. गावात उतरल्यावर म्हणाल्या, "या. चहा."

त्यांच्या नवऱ्याला, तात्यांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली, हे मला ऐकून ठाऊक होतं. घरी मात्र पहिल्यांदाच गेले. तात्या खाटेवर उशीला टेकून दाराकडंच बघत होते. मावशींनी माझ्या हातात चहा दिला, त्यांच्याजवळ बसल्या आणि सुरू झाल्या.

"आवं, बस लई उशिरानं आली, उभ्यानंच गेलो बघा. आन् त्या हॉलात गारवा असा की शाल पायजे व्हती. गेवराईची येक पोर व्हती, हिरवी साडी, लई गुनाची, पर घाबरली..." परीक्षकांचे आवाज काढून, हातवारे करून सांगत होत्या. मावशींकडं इतके शब्द असतील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दोन वर्षं त्या घरात दोघांचं बोलणं एकट्याच बोलत होत्या.

मग आवाज खाली आला. "पाय लटलट कापत व्हते वो माझे. बाईंना कळू दिलं न्हाई."

मी कपात बघत राहिले.

त्यांचं सांगून झालं. तात्यांचे डोळे भरून आले होते. चालत्या हाताची बोटं त्यांनी मावशींच्या मनगटावर हळूहळू आपटली.

"परत?" मावशी हसल्या. पदरानं त्यांनी तात्यांचे डोळे पुसले, उशी नीट केली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या, "बस लई उशिरानं आली..."