बारा आठवड्यांची पिशवी

बायकांच्या दुखण्याखुपण्याचा विषय निघाला की कृष्णातला लगेच चप्पल सापडायची. एरवी अख्खं घर धुंडाळलं तरी न सापडणारी चप्पल! गडमुडशिंगीत त्याच्या चार म्हशी. कुठली कधी माजावर आली, कधी गाभण राहिली, साऱ्या तारखा त्यानं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या. जनावरांचा डॉक्टर आला की हा शेपूट धरून छत्तीस प्रश्न विचारणार. आणि बायको "पोटात दुखतंय" म्हणाली, की निघाला डेअरीला.

"म्हशीच्या पोटातलं समदं कळतंय ह्येला," त्याची आई धोंडुबाई येईल-जाईल त्याला ऐकवायची. "बायकोच्या पोटात काय हाय, ते इचारशील का न्हाय कवा?"

ऐकवायची खरी, पण सुनेला तिनं तरी कुठं विचारलं होतं?

सून राजनंदिनी त्रेचाळीसची. सहा-सात महिने तिची पाळी आली की जायचं नाव घेत नव्हती. दहा-दहा दिवस अंगावर जायचं, गुठळ्या पडायच्या. ती कुणाला बोलली नाही. गुऱ्हाळं पेटली होती. गावावर गुळाची गोड वाफ तरंगायची आणि त्या वाफेत राजनंदिनीही तरंगत असल्यासारखी दिसायची. भाकरी थापता थापता तिचे डोळे मिटायचे. धार काढताना म्हशीला टेकून झोपायची, आणि म्हैसही शहाण्यासारखी हलायची नाही. जागी असली की फ्रीजमधला बर्फ उलथन्यानं खरवडून कुडुमकुडुम खायची. पोटही जरा पुढं आलं होतं.

एक दिवस ती नळावर चक्कर येऊन पडली. मग मात्र कृष्णातला तिला गाडीवर घालून कोल्हापूरला न्यावंच लागलं.

दवाखान्यात ती आत गेली, हा बाहेर बोळात उभा राहिला. समोर पाटी: 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' तेवढ्यात पडद्याआडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "अहो, पिशवी बारा आठवड्यांएवढी झालीय! इतके दिवस काय करत होता?"

कृष्णातनं पाटी वाचली. परत वाचली. कान लाल झाले आणि तो थेट चहाच्या गाड्यावर गेला. दोन मिनिटं थांबला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

परतताना राजनंदिनीनं त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. दोन्ही बाजूंनी ऊस सळसळत होता.

"आवो, ऐकू आलं न्हवं तुम्हास्नी?"

"आलं की."

"मग?"

"हुईल समदं चांगलं," तो म्हणाला. इतकं मऊ तो फक्त पहिलटकर म्हशीशी बोलायचा. तिचे डोळे भरून आले. कळलं बाई यांना, असं तिला वाटलं.

घरी त्यानं आईला गोठ्यात गाठलं. "आई, बारा आठवडं झाल्यात तिला."

धोंडुबाईनं बोटं मोजली. "म्हंजे तीन म्हैनं! ह्या वयात? लेक कॉलेजात जातीया आनी तू..." मग तिला झोप आठवली, बर्फ आठवला, पोट आठवलं. सुनेच्या उशाशी लोहाच्या गोळ्याही दिसल्या. शंकेला जागाच उरली नाही. "गप ऱ्हा. चोरओटी भरंपतूर तोंडातनं काढायचं न्हाय."

तिसऱ्या महिन्यात गुपचूप ओटी भरेपर्यंत बातमी फोडायची नाही, रीतच तशी; त्यामुळं कुणी काही बोललं नाही. पण घर बदललं. सासू स्वतः भाकरी थापू लागली. सुनेला उन्हात बाजलं, हातात दुधाचा पेला. राजनंदिनी अर्धवट झोपेत हे सगळं बघायची आणि स्वप्नच पडलंय समजून परत डोळे मिटायची. मोडलं तर?

आठवड्यानं शेजारच्या राजमतीकाकू गुपचूप आल्या. धोंडुबाईनं दार लोटलं आणि हिरवा खण, नारळ, तांदूळ सुनेच्या ओटीत घातले. आपल्या दुखण्यासाठी आत्तींनी अंबाबाईला नवस बोललेला असणार, असं सुनेला वाटलं. हुंदका आवरत ती म्हणाली,

"आत्ती, तुमी एवढं करताय म्हून सांगते. डॉक्टरीण म्हनत्यात, कदाचित काढून टाकायला लागंल."

"काढून टाकायला?" धोंडुबाईच्या हातातला नारळ घरंगळत चुलीपर्यंत गेला. "माझं नातवंड काढून टाकनारी ती कोन टिकोजी?"

"नातवंड? आवो, गाठ हाय! गाठी झाल्यात पिशवीत. त्येनं पिशवी बारा आठवड्यांच्या पोटाएवढी फुगलीया. म्हून तर एवढं जातंय अंगावरनं."

राजमतीकाकूंनी चिंचेची पुडी हळूच पदराखाली सरकवली.

राजनंदिनीनं सगळ्यांची तोंडं पाहिली. स्वप्न मोडलं होतं. ती ओटीतले तांदूळ सावरत उठली. "भांडी घासायची ऱ्हायल्यात."

"खाली बस!" धोंडुबाई कडाडली. मग चुलीपाशी गेलेला नारळ उचलून तिनं परत सुनेच्या ओटीत ठेवला. बोलली तेव्हा आवाज तिचा वाटतच नव्हता. "माझी बी पिशवी काढली हुती. कशापायी, आजवर कुनी सांगितलं न्हाय. म्या बी इचारलं न्हाय. तुझं तसं व्हायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिघंही डॉक्टरीणबाईंच्या समोर. खोलीत चपला काढून यायचं, असा तिथला नियम.

"या गाठी पुष्कळ बायकांना होतात," बाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. पण अंगातलं रक्त निम्म्यावर आलंय. ही झोप, हा बर्फ, सगळं त्यामुळं. आधी रक्त वाढवू. गोळ्या आहेत, नुसत्या गाठीही काढता येतात. पिशवी काढायचीच, असं नाही. ठरवायचं ते राजनंदिनीताईंनी. आता सांगा, पाळीत दिवसाला किती—"

"गाडी नीट लावलीया का बघून येतो," म्हणत कृष्णात उठला. दारात गेला. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच अशा वेळी त्याला चप्पल सापडेना.

धोंडुबाईनं मांडीवरची कापडी पिशवी थोपटली.

"म्हशीचं शेपूट धरून हुभा ऱ्हातोस न्हवं? मग हितं बायकोचा हात धरून बस, आनी छत्तीस परश्न इचार. चप्पल माझ्या पिशवीत हाय. समदं कळल्याबिगर भाईर निघायची न्हाय!"