महबूबचं हवाबंद दार

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात महबूबने कुवेतमधल्या फहाहीलच्या घराला धुळीच्या वादळासाठी बाहेरून दुसरं, काचेचं दार बसवलं. रत्नागिरीला त्याच्या सात पिढ्यांनी होड्या बांधलेल्या. त्याने त्या दाराची एकेक फट होडीसारखी कापूस आणि राळ ठासून बुजवली.

"अब्बा, वर नि खाली थोडी फट ठेवा," मुलगी लैला म्हणाली. "दमट हवा कोंडून तापली तर आतलं दार फुगेल."

"फट ठेवलेली होडी बघितलीस कधी?"

"आपण घरात ऱ्हातो, अब्बा."

पण महबूब ऐकेल तर शपथ! ऑगस्टात आतल्या सागवानी दारावर रंगाचे फोड आले, दार चौकटीत अडकू लागलं. त्याने रंगाला शिव्या घातल्या.

शुक्रवारी शुवैखचे लाकडाचे व्यापारी यूसुफभाय मुलासाठी लैलाला पाहायला यायचे होते. पोरगी मोठ्यांना अक्कल शिकवते म्हणून तीन स्थळं हातची गेली होती. "आज तोंड उघडू नको," आई सुगराने बजावलं.

नमाजानंतर यूसुफभाय आले. काचेचं दार ओढून ते दोन दारांमधल्या दीड हात जागेत शिरले. मागे दार आपोआप मिटलं आणि उन्हाने पातळ झालेल्या राळेने घट्ट चिकटलं. पुढचं तर फुगून बसलेलंच.

"महबूबभाय, उघडा!"

"तुम्ही ढकला, मी ओढतो!"

महबूबने ओढलं आणि मूठ हातात आली. आत पाहुणा भट्टीतल्या पावासारखा भाजत होता.

"कुऱ्हाड आणतो!"

"कुऱ्हाड नको! मी दाराला टेकून हाय!"

लैला ओठ घट्ट मिटून उभी होती. शेवटी सुगराच ओरडली, "बोल गो बाय, बोल!"

"चाचा, खिशातल्या चावीनं बाहेरच्या दाराची राळ खरवडा. आधी वरची, गरम हवा जाऊ दे. मग कडेची. आता खांदा द्या!"

यूसुफभाय रस्त्यावर जाऊन पडले. मागच्या दाराने त्यांना आत आणलं. त्यांनी तीन पेले सरबत घटाघट संपवलं.

"पोरगी जरा जास्त बोलते," महबूबने मान खाली घातली.

"बोलली म्हणून मी जिता हाय. निकाहची तारीख काढा."

महबूब पटाशी घेऊन उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने लेकीला विचारलं, "लैला, किती फट ठेवू गो?"

लैलाने सवयीने तोंड उघडलं, पण सुगराने तिचा हात दाबला. "आता ती त्यांच्या घरची. यूसुफभायना विचारा."

महबूबला रडू आलं. तो पाहुण्यांकडे वळला आणि त्याने लेकीला विचारायची परवानगी मागितली.